टक, नजर आणि ‘गेझ’

माथेरानला पाहण्याखेरीज माणसाला दुसरा उद्योग नसतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर आले आणि त्यानंतर साहेबलोकांनी इथल्या एकेका कड्याचा ‘पॉइंट’ करून टाकला. पॉइंट म्हणजे जिथे उभे राहून नुसते पाहायचे ती जागा. १९०७ पासून नेरळची चिमुकली आगगाडी माणसे वर आणू लागली, तीही पाहण्यासाठीच. अशा ठिकाणी मी सोबत समीक्षेचे एक पुस्तक नेले होते. त्यात पानोपानी इंग्रजी ‘गेझ’ भेटत होता. कुठे ‘अवलोकन’ होऊन, कुठे ‘दृष्टिक्षेप’ होऊन, तर कुठे ‘टक’ होऊन. एका शब्दाची ही तीन सोंगे पाहिल्यावर त्याचे कूळ विचारणे भागच होते.

आधी त्याच्या थोरल्या भावाविषयी, म्हणजे ‘स्टेअर’विषयी. तो फार जुना, अस्सल जर्मानिक घराण्यातला. मूळ अर्थ ताठरपणाचा. आपण कपड्यांना जी खळ घालतो तिचे इंग्रजी नाव ‘स्टार्च’, तेही याच गोत्रातले. तेव्हा ‘स्टेअर’ म्हणजे खळ घातलेली नजर म्हटले तरी चालेल! काही भाषापंडित आपला ‘स्थिर’ही याच पंगतीला बसवतात. आकाशातल्या ‘स्टार’चा मात्र इथे काही संबंध नाही.

‘गेझ’ त्या मानाने उपरा. चौदाव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत दिसू लागतो, आणि पंडित बोट दाखवतात ते स्कँडिनेव्हियातल्या बोलींकडे, जिथे त्याच्या नातलगाचा अर्थ आ वासून पाहणे असा होतो. वासाने नव्हे तर डोळ्यांनी शिकार हेरणारा कुत्रा तो ‘गेझहाउंड’. बागेतल्या ‘गझीबो’ला अठराव्या शतकात कुणी थट्टेखोराने याच शब्दाला लॅटिन शेपूट जोडून नाव दिले, असे बहुतेक कोश मानतात. ‘मी पाहीन’ असा त्याचा लटका अर्थ. सरकारी ‘गॅझेट’ मात्र व्हेनिसच्या एका नाण्यावरून आले; त्याला या वंशावळीत घुसवू नये.

आता आपल्या घरात डोकावू. आपण न्याहाळतो, निरखतो, रोखून पाहतो, डोळे वटारतो, आणि एवढ्याने भागले नाही तर टकमका पाहतो. याच जिल्ह्यात रायगडावर टकमक टोक आहे. ‘पॉइंट’ला ‘टोक’ हा किती नेमका शब्द आपल्यापाशी होता! पण तिथून कडेलोट होत असे म्हणतात, त्यामुळे सहलीच्या पाहण्याशी त्या नावाचे जुळत नाही. ‘टकमक’मध्ये पाहणारा स्वतःच भांबावलेला असतो. ‘टक’ लावणारा रंगून गेलेला असतो. आणि पापणीच न लवणे, ते ‘अनिमिष’, ही तर देवांची खूण. महाभारतातल्या दमयंतीपुढे स्वयंवरात नळाचे रूप घेतलेले देव उभे राहिले, तेव्हा तिने ज्याची पापणी लवत होती त्यालाच वरले. मला ही निवड फार आवडते.

‘गेझ’ समीक्षेत गाजला तो लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या चित्रपटविषयक निबंधामुळे. पडद्यावरची स्त्री पाहिली जाण्यासाठी असते आणि पाहण्याचा हक्क पुरुषाकडे राहतो, असे त्यांचे म्हणणे. अशा पाहण्यात तन्मयता नसून सत्ता असते. माथेरानकरांना हे निबंधावाचून कळेल. इथे वर्षानुवर्षे पाहुणा हातरिक्षात बसून ती ओढणाऱ्याच्या घामेजलेल्या पाठीकडे पाहत आला, आणि त्या माणसाला उलटून पाहण्याची सोय नव्हती. या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला.

तर मग अशा पाहण्याला ‘टक’ म्हणणे साफ चूक आहे. ‘टक’ इतकी भोळी आहे की तिच्या अंगावर हा आरोप चिकटतच नाही. ‘अवलोकन’ कचेरीतले, ‘दृष्टिक्षेप’ क्षणाचा. आपला, म्हणजे अरबीतून येऊन आपला झालेला, ‘नजर’ हा शब्द इथे हवा. नजर ठेवतात, नजरकैदेत टाकतात, आणि नजर लागते म्हणून आज्या मीठमोहऱ्या ओवाळीत आल्या. पाहण्याने पाहिला गेलेला माणूस इजा पावतो, हे आजीबाईंना ठाऊकच होते. इंग्रजी ‘गेझ’ला हा अर्थ समीक्षकांनी मुद्दाम चिकटवावा लागला, आपल्या शब्दात तो आधीपासून आहे. ‘पुरुषी नजर’ हे भाषांतर म्हणूनच मला मुळाहून सरस वाटते.

फूकोच्या बाबतीत तर गंमतच आहे. वैद्यकाविषयीच्या त्याच्या १९६३ च्या पुस्तकात ‘रगार’ हा साधा, रोजच्या वापरातला फ्रेंच शब्द आहे. ‘गेझ’ आला तो इंग्रजी भाषांतरातून. आपण मात्र त्या इंग्रजीवरून ‘टक’ लिहून मोकळे होतो. वैद्य रोग्याला टक लावून पाहू लागला तर रोगी पळूनच जाईल! तिथेही ‘वैद्याची नजर’ म्हणावे. ‘टक’ दरीकडे पाहणाऱ्यांसाठी राहू द्यावी.