रेमो, रॉक आणि मातीचं देणं

भोरमध्ये उभं राहून गोव्याच्या रॉक गायकावर तासभर बोलायचं, याचं काहींना नवल वाटलं असेल. कारण साधं आहे. भोर आणि वेल्ह्याची काही मुलं मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर थांबली होती. घरी बसून लॅपटॉपवर गाणी करतात, इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि त्यात जत्रेतला ढोल मिसळायचाय. त्यांनी विचारलं, "ढोलाचा तयार तुकडा इंटरनेटवरून उतरवून घेतला, तर बिघडलं कुठे?" आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज रेमो फर्नांडिस.

रेमोचा जन्म १९५३चा, पणजीचा. मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी गिटार घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून आला, आणि शिवोलीला स्थिरावला. स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन मुंबईच्या कंपन्यांकडे गेला, तर त्यांनी वाटेला लावलं. भारतीय माणसाने लिहिलेलं इंग्रजी रॉक कोण विकत घेणार? मग या गड्याने घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर 'गोअन क्रेझी' केला. साल १९८४. शब्द त्याचे, चाली त्याच्या, सगळी वाद्यं त्याने वाजवली, सगळे आवाज त्याचे, कव्हरही त्यानेच काढलं. आणि स्कूटरवर कॅसेटी लादून गोवाभर दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड', म्हणजे गोव्याची जुनी गाणी नव्या वाद्यमेळात. मग 'पॅक दॅट स्मॅक', 'बॉम्बे सिटी', आणि 'जलवा'पासून हिंदी सिनेमा. हा भाग तुम्हाला ठाऊक आहे. 'बॉम्बे'मधलं 'हम्मा हम्मा' कुणाला ठाऊक नाही? २००७ला पद्मश्री मिळाली. तिथे आम्ही रेंगाळत नाही.

आम्हाला थांबायचंय ते त्या चार ट्रॅकवर. आता बघा, चार ट्रॅक म्हणजे चारच पट्ट्या. पहिल्या तीन भरल्या की त्या एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, पुन्हा तीन मोकळ्या. प्रत्येक उतरवणीत आवाज थोडा मळतो, खरखर वाढते. आणि एकदा उतरवलं की मागे जाता येत नाही. ढोलकी मोठी झाली तर झाली. म्हणजे काय ठेवायचं, काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. आज तुमच्या लॅपटॉपवर शंभर पट्ट्या फुकट आहेत, त्यामुळे ठरवावं असं काहीच लागत नाही. (हे म्हातारपणाचं रडगाणं वाटेल, पण आहे खरं.)

पण या एकट्याच्या कारागिरीतच आमची शंका दडलीये. गोव्याचं मूळ संगीत एकट्याचं नाही. मांडो घ्या. संथ, सहाच्या चालीचा, व्हायोलिन आणि घुमट, गाणारे दोन-तीन आवाजांत. मागून दुलपद येतं आणि लय पळायला लागते. तेच घुमट चतुर्थीला हिंदू घरांत आरतीला वाजतं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. घोरपड कायद्याने संरक्षित झाल्यावर बकरीच्या कातड्यावर यावं लागलं, आणि ते घडवणारे-वाजवणारे तक्रार करत का होईना, नवा आवाज शिकले. २०१९ला गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. तर अशा वाद्याला घर लागतं, गल्ली लागते, शेजारी लागतात. हे संगीत एका खोलीत एकट्याने थरावर थर चढवून केलं, तर त्यात मूळ किती उरलं?

याला ताडून बघायला आपण जरा लांब जाऊ, हैतीला. रिचर्ड मोर्स नावाचा माणूस, आई हैतीची गायिका, वडील अमेरिकन विद्वान. वाढला अमेरिकेत, तिथल्या बँडमधून पंक वाजवलं. १९८५च्या सुमारास आईच्या देशात गेला, १९८७ला पोर्तो-प्रिन्समधलं ओलोफसन हे जुनं हॉटेल चालवायला घेतलं आणि १९९०ला 'राम' नावाचा बँड काढला. आपला राम नव्हे बरं का. त्याच्याच नावाची आद्याक्षरं आहेत. तिथे उपासाच्या दिवसांत 'रारा'च्या मिरवणुका निघतात. त्यात 'वाक्सीन' म्हणून बांबूच्या तुताऱ्या असतात. प्रत्येक तुतारीतून एकच सूर निघतो. एकच! म्हणजे चाल वाजवायची तर तीन-चार माणसं शेजारी शेजारी उभी राहायला हवीत, आणि प्रत्येकाने आपली वेळ धरायला हवी. एकट्याला ती चाल वाजवताच येत नाही.

मोर्सला रॉक येत होतं. पण त्याच्या बँडचा कणा गिटारचा नाही, तो ढोलांचा आणि या तुताऱ्यांचा. गिटार पाहुणी आहे. १९९२ला या बँडने एक जुनं पारंपरिक गाणं नव्याने वाजवलं. ते एका पानाबद्दल आहे, झाडावरून गळून पडलेल्या. त्यात राजकारणाचा शब्द नव्हता. तरी लोकांना त्यात परागंदा झालेला अध्यक्ष आरिस्तीद दिसला, आणि लष्करी राजवटीने गाण्यावर बंदी घातली. सगळ्यांच्या ओठावरचं गाणं होतं, म्हणूनच ते सत्तेला झोंबलं.

रेमोनेही सत्तेला गाऊन सुनावलं. राजीव गांधींसमोर गोव्यात 'हॅलो राजीव गांधी' म्हटलं. गहजब झाला, रेमोने शब्द थेट पंतप्रधानांकडे पाठवले, आणि गाणं आवडल्याचं पत्र आलं. मजेदार किस्सा आहे, धाडसही आहे. पण फरक बघा. इथे एक माणूस दुसऱ्या माणसाशी इंग्रजीत बोलतोय, आणि तो दुसरा ते हसून घेतो. ते पानाचं गाणं हसून घेता येत नव्हतं.

म्हणून आमचं मत असं, आणि ते रेमोच्या चाहत्यांना आवडणार नाही: 'गोअन क्रेझी'त गोवा आहे तो विषय म्हणून. शब्दांत आहे, चेष्टेत आहे, रागात आहे. हाडं मात्र रॉकची. तो उत्तम गीतकार आहे. टेलिफोनच्या दुर्दशेवरचं 'ओड टू ग्रॅहम बेल' आजही हसवतं. पण मूळ आणि रॉक यांची खरी झटापट ऐकायची तर 'ओल्ड गोअन गोल्ड' ऐका. तिथे चाली त्याच्या मालकीच्या नाहीत. आजीला पाठ असलेलं गाणं वाकवायचं तर किती, हे एकट्याने ठरवता येत नाही. एखादी ओळ उगाच ओढली तर शिवोलीच्या बाजारात कुणीतरी हटकणार. ती भीती त्याच्या गाण्याच्या कामी आली. आम्हाला तर वाटतं, स्वतंत्र कलाकाराला कंपनीपासून स्वतंत्र व्हावंच लागतं. पण या हटकणाऱ्यापासून झाला की तो पोकळ होतो.

मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' बँड याच पेचातून जातोय. अभंग रॉकच्या साजात गायचा, तर समोर वारकरी बसलेला असू शकतो, ही जाणीव ठेवून.

आता त्या मुलांचा प्रश्न. उतरवून घेतलेल्या ढोलाच्या तुकड्यात बिघडलेलं काही नसतं, तीच अडचण आहे. तो दर वेळी तस्साच वाजतो. वेल्ह्यात मेंगाईच्या जत्रेत ढोल वाजवणारा पालखी चढाला लागली की हात बदलतो, झांजवाला त्याच्याकडे बघून पुढे सरकतो, दमला की दुसरा ढोल घेतो आणि लय तेवढ्यापुरती लंगडते. तुमच्या गिटारला त्या लंगडण्याबरोबर चालता येतं का, ते बघा. मोबाइल घेऊन जा, पण आधी त्या माणसाला विचारा, त्याचं नाव गाण्यावर घाला, पैसे आले तर त्याचा वाटा ठरवा. आणि रेकॉर्डिंग करून परत गेलात की त्यालाच पहिल्यांदा ऐकवा. तो नाक मुरडेल. मुरडू दे, आणि का ते विचारा.

बोलणं लांबलं. आता 'ओल्ड गोअन गोल्ड'मधली दोन गाणी लावतोय. मागच्या स्पीकरचा बास जरा कमी करा, नाहीतर गाणारे ऐकू येणार नाहीत.