फ्लायव्हीलवरचा निळा डाग

संत्र्याच्या हंगामात सौंसर-पांढुर्ण्याच्या गॅरेजांत गिअरबॉक्स खाली उतरवलेली एखादी पिकअप हमखास उभी असते. मिस्त्री जळकी क्लचप्लेट कोपऱ्यात भिरकावतो, नवी खोक्यातून काढतो आणि मालक त्या नव्या प्लेटीकडे बघत बसतो. बघण्यासारखे असते ते मात्र इंजिनाला चिकटून राहिलेले, प्लेट ज्यावर घासते ते फ्लायव्हील. गाडी कोणी आणि कशी चालवली, ते या बिडाच्या चकतीवर उमटलेले असते.

आधी चांगले उदाहरण घेऊ. पांढुर्ण्यावरून जाणाऱ्या नागपूर-बैतूल महामार्गावर ज्या गाडीचे आयुष्य गेले, तिच्या फ्लायव्हीलवर एकसारखा राखाडी पट्टा असतो. बोट फिरवावे तर कुठे अडत नाही. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली, पण दोन्ही बाजूंनी सारखी. मला ही झीज देखणी वाटते. क्लच झिजतो तो सरकताना. एकदा घट्ट धरला की हजार किलोमीटर गेले तरी त्याला ओरखडा नाही. ज्या चालकाचा डावा पाय एकतर पॅडलवर पूर्ण असतो नाहीतर पूर्ण बाहेर, त्याचीच ही सही.

दुसरी चकती सिल्लेवानी घाटातली. सौंसर खाली, छिंदवाडा वर सातपुड्याच्या पठारावर. मधे रामाकोन्याच्या पुढे हा चढ. क्रेट ठासून भरलेली पिकअप वळणावर ट्रकमागे अडकते, आणि ब्रेक लावण्याऐवजी चालक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो. दिसायला कसब, हिशेबाने घाटा: गाडी जागची हलत नसते, म्हणजे इंजिनाकडून क्लचला मिळणारी सगळी ताकद तिथेच उष्णता होऊन जाते. जामसावळीच्या हनुमानाला शनिवारी लागणाऱ्या रांगेत सरकणाऱ्या गाड्यांची गत थोडी बरी, पण जात तीच. सपाट रस्त्यावरसुद्धा इंजिनाचे फेरे कायम ठेवून गाडी उचलली, तर गाडीला जेवढी ऊर्जा मिळते साधारण तेवढीच क्लचमध्ये जळते. तीच गाडी आळसाने दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर जळण जवळपास तिप्पट.

ही उष्णता फ्लायव्हील रंगांत मांडते. तापमान सव्वादोनशे अंशांच्या पुढे गेले की पिवळसर झाक, तीनशेच्या आसपास निळी. इथवर फारसे बिघडलेले नसते. त्याच्याही पुढे, सातशेच्या वर, काळपट ठिपके पडतात. वरचा थर लालबुंद होतो, खालचे थंड बीड ती उष्णता झटकन ओढून घेते आणि तेवढी जागा पोलादी पाणी दिल्यासारखी कडक होते. भोवती केसाएवढ्या बारीक भेगा. निळ्याला घाबरण्यापेक्षा या काळ्याला घाबरावे.

गाडी चालवताना हे सगळे कसे जाणवते? इथला मिस्त्री एका वाक्यात सांगतो: ‘इंजन बोंबलून रायलं, गाडी सरकून नाही रायली.’ निदान म्हणून याच्याइतके नेमके वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. फेरे वाढतात, वेग वाढत नाही. गंमत म्हणजे ही लबाडी पहिल्या गिअरमध्ये लपते आणि चौथ्या-पाचव्यात उघडी पडते, कारण तोच चढ वरच्या गिअरमध्ये ओढताना क्लचवर पीळ जास्त पडतो. इंजिनाची ताकद कमी झालेली नसते. ती चाकापर्यंत पोचत नसते. पण लोक डिझेल फिल्टर बदलतात, इंजेक्टर धुऊन घेतात. त्याआधी कधीतरी पॅडल जड लागू लागलेले असते. प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पाय दुखायला लागतो. ही सूचना बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

फ्लायव्हीलचे मूळ काम वेगळेच. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. मधली पोकळी हे जड चाक साठवलेल्या गतीतून भरून काढते. हलके फ्लायव्हील रेसच्या गाडीला शोभते, संत्र्यांच्या गाडीला नाही. उचलताना ती बंद पडेल. पण या चाकाचे तोंड खडबडीत झाले की तेच धक्के पैदा करते. कडक ठिपके झिजत नाहीत, भोवतालचा भाग झिजतो, ठिपके टेकड्यांसारखे वर राहतात आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत सुटते.

अशा चकतीवर नवी प्लेट चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. खराद मारून घ्यावे म्हणावे, तर लेथची पटाशी त्या कडक ठिपक्यांवरून घसरते आणि उंचवटे तसेच राहतात. ग्राइंडिंगच लागते, आणि भेगा खोल असतील तर चकतीच नवी. पायरी असलेले फ्लायव्हील घासताना प्रेशर प्लेट बसते ते तोंडही तेवढेच खाली घ्यावे लागते. नुसते मधले घासले, तर नव्याकोऱ्या प्लेटीवरही पकड सैलच पडते आणि गाडी सिल्लेवानीच्या पहिल्याच चढावर पुन्हा बोंबलते.