जनसुनावणी आणि हाबरमास यांची कसोटी

जर्मन तत्त्ववेत्ते युर्गेन हाबरमास यांनी १९८१ मध्ये संवादी कृतीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. बोलणारा माणूस प्रत्येक विधानासोबत काही दावे करत असतो: हे खरे आहे, हे उचित आहे, मी प्रामाणिकपणे बोलतो आहे. विधान कळण्याजोगे असावे हे त्यात गृहीतच असते. ऐकणाऱ्याला यातल्या कोणत्याही दाव्याचे कारण विचारता यावे आणि निर्णय पदाच्या किंवा पैशाच्या जोरावर न होता युक्तिवादाच्या बळावर व्हावा, असे हे सूत्र आहे. विज्ञानात वावरणाऱ्या आम्हांला ते लगेच पटते. पण गावच्या मांडवात ते कितपत टिकते?

पर्यावरणविषयक जनसुनावणी आपल्याकडे १९९७ पासून बंधनकारक झाली. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो आणि हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. कागदावर तरी हे हाबरमास यांच्या सूत्राच्या बरेच जवळ जाते.

आता बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एखाद्या गावाची कल्पना करू. शेतकरी म्हणतो, रात्री कपाशीवर धूळ बसते. तज्ज्ञ म्हणतो, पीएम-१० कणांची चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादेच्या आत आहे. कोण खोटे बोलतो? कदाचित कोणीच नाही. वीस तास ५० आणि चार तास ३०० अशी पातळी असली, तर सरासरी सुमारे ९२ येते. मर्यादा पाळली गेली आणि रात्रीची धूळही खरी ठरली. शिवाय कोणी किती सोसावे हा प्रश्न औचित्याचा आहे. त्याला मोजमापाने उत्तर देणे म्हणजे एका दाव्याच्या जागी दुसरा ठेवणे होय. हा घोटाळा उघड करून दाखवण्याची सोय हाबरमास यांच्या मांडणीत आहे, हे तिचे मोठे बळ.

तिची उणीव मात्र मांडवाच्या दाराशीच दिसते. संवादात सर्व जण समान आहेत असे मानून चालल्याने ते समान होत नाहीत, असा आक्षेप नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये घेतला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना याच दुखण्यावर बोट ठेवले होते: ज्यांचे हक्कच मान्य नाहीत, त्यांच्याशी एकी कसली? जनसुनावणीत सारांश मराठीत मिळतो, पण आकड्यांची कोष्टके बहुधा इंग्रजी अहवालातच राहतात. २०२० च्या मसुद्यात सूचनेची मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. त्या मसुद्याचेच भाषांतर भारतीय भाषांत करावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि मंजूर औद्योगिक वसाहतींमधल्या प्रकल्पांना जनसल्लामसलतीतून सूट देण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेतच आहे. जिथे कारखाने दाटीने आहेत, तिथेच प्रश्न विचारण्याची जागा आकसू शकते.

म्हणून आम्हांला वाटते, हाबरमास यांचे सूत्र वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून अपुरे आहे, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सरासरीचे वरील गणित नववीच्या वर्गात सहज करून घेता येईल. त्यानंतर मुलांना एवढेच विचारावे: तज्ज्ञाला शेतकऱ्याने पुढचा प्रश्न कोणता विचारायला हवा, आणि तो विचारण्यासाठी त्याच्या हाती आधी काय असायला हवे?