पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

दहावीची परीक्षा जवळ आली की पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी 'अभ्यास कसा करावा' या विषयावर व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात, शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिल्या जातात. पहाटे उठा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारा, धडा तीनचार वेळा वाचा, उत्तरे दहादा लिहून काढा. सांगणाऱ्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे की, या सूचना देण्यापूर्वी त्या कोणी तपासून पाहिल्या आहेत का, हे विचारले जात नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी ते विचारायला हवे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पाचोरा तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की अनेक घरांतली मुलेही शेतात राबतात. कित्येकांचा जाण्यायेण्याचा वेळ एसटीत जातो. २०२० पर्यंत काहींचा तो पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीत जात असे. दिवसाकाठी जेमतेम दीड तास हाती असलेल्या मुलाने त्यातला तासभर रेघा मारण्यात घालवला, तर त्याच्यापाशी उरते काय? ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे त्याला चुकीची पद्धत एक वेळ परवडेल.

आता तपासणीकडे वळू. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक लहान उतारे दिले. एका गटाने उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत उतारा न पाहता जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने पाहिले तर वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते आणि आठवणाऱ्यांजवळ ६१ टक्के! गंमत अशी की, 'आपल्या चांगले लक्षात राहील' अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. वाचून वाचून मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचे म्हणजे आलेलेच, असे मन धरून चालते. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तसा हा प्रकार.

ही गोष्ट नवी आहे असेही नाही. १९१७ साली आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले होते की, अर्ध्याहून अधिक वेळ पुस्तक बाजूला ठेवून मनाशी म्हणून पाहणाऱ्या मुलांच्या अधिक लक्षात राहते. त्याहीपूर्वी, १८८५ मध्ये, हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले होते. निरर्थक अक्षरांची एक माळ एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्याने साधले. म्हणजे काम जवळजवळ निम्म्यावर आले. २०१३ साली डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे या दोनच पद्धती त्यांना सर्वाधिक उपयोगी वाटल्या. रेघा मारणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे शेवटच्या वर्गात गेले.

हे वाचून जुन्या पिढीतील वाचकांना परवचा आठवेल. संध्याकाळी दिवेलागणीला हात-पाय धुऊन मुले पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी मोठ्याने म्हणत. पुस्तकाशिवाय आणि रोज! म्हणजे आठवून पाहणे आणि विभागून करणे या दोन्ही गोष्टी परवच्यात होत्या. घोकंपट्टी म्हणून त्याची हेटाळणी करताना आपण त्याचा उत्तम भागही टाकून दिला, असे आमचे मत आहे.

परंतु परवच्याचा नुसता गौरवही आम्हाला पटत नाही. मुलाला एकदम 'तेरा सत्ते किती?' असे विचारा. तो 'तेरा एके तेरा' पासून पायऱ्या चढू लागतो, तेव्हा कुठे एक्याण्णव येते. क्रमाने पाठ केलेले क्रमानेच बाहेर येते. मधूनच हवे झाले तर हाती लागत नाही. औटकी म्हणजे साडेतीनपट, हे न कळताही ती घडाघडा म्हणता येत असे.

आमच्या पाठ्यपुस्तकांचा सराव पाहिला की हाच दोष वेगळ्या वेषात दिसतो. बालभारतीच्या गणितात एक सूत्र येते, त्याखाली सोडवलेली उदाहरणे आणि लगेच सरावसंच. शंकूछेदाचे सूत्र शिकवल्यावर पुढची उदाहरणे शंकूछेदाचीच असणार, हे मुलाला उदाहरण न वाचताही ठाऊक असते. मग तो शिकतो काय? आकडे घालायला. परीक्षेत मात्र कोणते सूत्र लावायचे, हेच आधी ओळखावे लागते, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील रोअरर आणि टेलर यांनी २००७ साली नेमके हेच तपासले. चार अनोळखी घनाकृतींची घनफळे काढण्याची उदाहरणे एका गटाला एकेका प्रकाराने, तर दुसऱ्याला मिसळून दिली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, तर पहिल्या गटाची २० टक्के आणि दुसऱ्याची ६३! पुस्तक तयार करणाऱ्यांना ही गोष्ट अगदीच ठाऊक नाही असे नाही. 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' त्यासाठीच असतो. पण तो शेवटी येतो, आणि शेवटी येणारे वेळेअभावी घरी सोडवायला दिले जाते. सर्वांत मोलाचा भाग पुस्तकाने सर्वांत गैरसोयीच्या जागी ठेवला आहे, ही आमची तक्रार.

पुस्तक बंद करून आठवणे म्हणजे शेवटी पाठांतरच, समज कुठे आहे, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण कार्पिक आणि ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगात विज्ञानाचा उतारा आठवून लिहिणारे विद्यार्थी, पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांपेक्षा अनुमानाच्या प्रश्नांतही सरस ठरले. आठवताना दुवे शोधावे लागतात, आणि दुवा शोधणे हाच समजण्याचा मोठा भाग आहे. अर्थात मुळात काहीच न कळलेला धडा आठवून उपयोग नाही; तिथे शिकवण्याला पर्याय नाही. यांतले बरेचसे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले आहेत, हेही ध्यानात ठेवावे. मात्र इलिनॉय राज्यातील एका शाळेच्या वर्गांतही छोट्या चाचण्यांचा फायदा दिसून आला आहे.

यासाठी पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे वह्या बंद. फळ्यावर चार प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्यातला, आणि चौथा कोणत्या प्रकरणातला हे न सांगता दिलेला. मुलांनी पाठकोऱ्या कागदावर उत्तरे लिहावीत, बरोबर उत्तर लगेच सांगावे, गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की नक्कल येते. वेचणीमुळे चार दिवस न आलेला मुलगाही या पाच मिनिटांत जुन्या धाग्याला हात घालू शकतो. एसटीत शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांना पुस्तक न उघडता प्रश्न विचारले, तरी तो अभ्यासच आहे. पहिल्या पंधरवड्यात उत्तरे पूर्वीपेक्षा जास्त चुकतील. ती का चुकतात, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवावे.