रक्तकृमींचे सूक्ष्मछायाचित्र : पुरावा की अलंकरण?

वर्धा जिल्हा हत्तीरोगाचा प्रदेश म्हणून परिचित आहे. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तनिदानावर दीर्घकाळ संशोधन केले. या विषयावरील प्रबंधांत मायक्रोफिलारियाचे छायाचित्र असावे हे स्वाभाविकच. परंतु त्याने नेमके काय सिद्ध होते, याची चिकित्सा अवश्य व्हावयास हवी.

लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात मानवी रक्तातील हे कृमी वर्णिले, त्या काळी अभ्यासकाची भिस्त रेखाटनावर असे. रेखाटनकार भिंग खालीवर करून निरनिराळ्या पातळ्यांवर दिसलेले सारे एका आकृतीत आणतो. मात्र त्याची अपेक्षाही तीत नकळत मिसळते. छायाचित्र हा दोष पुष्कळसा टाळते, पण ते एकाच पातळीचे असते. तैलभिंगाखाली स्पष्ट दिसणारा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो.

मायक्रोफिलारियाची लांबी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे ओळीने मांडलेल्या तीसएक तांबड्या पेशींइतकी. त्यामुळे तैलभिंगाच्या छायाचित्रात तो सहसा पुरता मावत नाही. उलट, कमी शक्तीच्या भिंगाने संपूर्ण कृमी टिपला तर शेपटीतील केंद्रके अस्पष्ट राहतात. आणि जातिनिर्णय तर बव्हंशी त्यांवरच अवलंबून असतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टीच्या शेपटीचे टोक केंद्रकरहित असते, ब्रुगिया मलायीच्या टोकाशी दोन केंद्रके असतात. छायाचित्र मागाहून कितीही मोठे केले तरी भिंगाने न टिपलेला तपशील त्यात अवतरत नाही. म्हणून दोन्ही छायाचित्रे देणे इष्ट होय. रंजकाचा उल्लेखही अपरिहार्य आहे. गिम्सा रंजकाने बँक्रॉफ्टीचे आवरण सहसा रंगत नाही, आणि न रंगलेले आवरण नाहीच असे समजणे चुकीचे ठरेल.

सर्वांत महत्त्वाची नोंद रक्त घेतल्याच्या वेळेची. भारतात आढळणारा बँक्रॉफ्टी मुख्यतः रात्री, विशेषतः मध्यरात्रीच्या सुमारास, बाह्य रक्तात उतरतो. दुपारच्या रक्ताची स्वच्छ काचपट्टी रोग नसल्याचे प्रमाण नव्हे; तिच्या भरवशावर रुग्णाला निरोगी ठरविले तर तो उपचारास मुकतो. शिवाय जुन्या हत्तीपायाच्या रुग्णाच्या रात्रीच्या रक्तातही कृमी बहुधा सापडत नाहीत. सेवाग्रामच्या संशोधकांनी प्रतिजन व प्रतिपिंड यांच्या परीक्षांकडे लक्ष वळविले, त्यामागील निकड यावरून ध्यानात येते.

तात्पर्य, छायाचित्र उपस्थिती दाखविते. अनुपस्थिती सिद्ध करीत नाही. वेळ, रंजक, भिंग व मोजपट्टी यांची नोंद नसलेले छायाचित्र कितीही सुरेख असले, तरी ते प्रबंधाचे अलंकरणच होय.