दगड किती मोठा? निर्गममुखाच्या संरक्षणाची शिकवणूक आणि तिच्या उणिवा

वीराणम तलावाचे पाणी चेन्नईला आणणारी सुमारे २३५ किमीची जलवाहिनी २००४ साली सुरू झाली. तिची क्षमता दिवसाला १८ कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २.०८ घनमीटर. एवढ्या मोठ्या नळात वेग सेकंदाला मीटरभराच्या आसपासच राहतो. वेग कमी म्हणजे धूप कमी, असा निष्कर्ष विद्यार्थी इथेच काढतात, आणि तो फसवा आहे.

धोका असतो तो सखल जागी वाहिनी रिकामी करण्यासाठी बसवलेल्या वॉशआऊट व्हॉल्व्हपाशी. तिथे ३० मीटर दाबशीर्ष आहे असे धरा. घर्षण सोडले तर झोताचा वेग सेकंदाला २४ मीटर होतो. आता पाठ्यपुस्तकातले लाडके इझबाश सूत्र लावा: दगडाचा व्यास = वेग² ÷ (०.८६² × २ × ९.८१ × १.६५). उत्तर येते २४ मीटर! घर्षणात वेग निम्मा झाला तरी सहा मीटर. इतका दगड आणणार कुठून? सूत्र चुकलेले नाही. ते चुकीच्या जागी वापरले आहे. आधी ऊर्जा शमवायची, मग दगड मोजायचा, हा क्रम आपल्या टिपणांत क्वचितच स्पष्ट असतो.

शमनासाठी ए. जे. पीटरका यांच्या १९५८ च्या ग्रंथातले सहाव्या प्रकारचे आघात-कुंड सर्रास सुचवले जाते. त्याची आकृती सगळे उतरवून घेतात, मर्यादा मात्र गाळतात. मूळ शिफारस सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगापर्यंतची. नंतरच्या पुस्तिकांनी ती १५ पर्यंत ताणली. २४ दोन्हींत बसत नाही. म्हणून कुंडाच्या आधीच दाब मोडणारा व्हॉल्व्ह किंवा टाकी हवी. वीराणम योजनेतही कडमपुलियूरला दाबभंजक टाकी आहे, पण ती मुख्य वाहिनीसाठी; वॉशआऊटचा विचार वेगळाच करावा लागतो.

कुंडातून पाणी सेकंदाला २ मीटरने बाहेर पडले, तर तेच सूत्र सुमारे १७ सेंमीचा दगड देते. त्याखाली वाळू धरून ठेवणारा गाळणथर हवाच, नाहीतर किनारपट्टीची बारीक वाळू फटींतून निसटते आणि पिचिंग जागच्या जागी खचते. शिवाय कुंडाची तपासणी ईशान्य मान्सूनमधल्या भरल्या ओढ्यावर करू नका. मे महिन्यातल्या कोरड्या पात्रावर करा; तिथे खालचे पाणी झोताला अडवायला नसते.