पकड सुरेख, चढाई अपुरी

प्रो कबड्डी लीगमध्ये गुजरातचा संघ २०१७ साली उतरला आणि पहिल्या दोन्ही हंगामांत थेट अंतिम फेरीत गेला. दोन्ही वेळा हरला. त्यानंतर आजवर विजेतेपद नाही. संघाचं घरचं मैदान अहमदाबादेत, पण त्याचा प्रेक्षक सुरतेतही आहे. लिंबायत, उधना, डिंडोलीतली खानदेशी घरं मनाने पुणेरी पलटण किंवा यू मुंबाची असतात, आणि तरी गुजरातचा सामना लागला की दूरदर्शन संचासमोरून उठत नाहीत. अशा दुहेरी ओढीच्या प्रेक्षकाला एक प्रश्न फार जवळून दिसतो: चढाई आणि पकड यांचा तोल म्हणजे नेमकं काय?

नेहमीचं उत्तर हिशेबी असतं. निम्मे गुण चढाईचे, निम्मे पकडीचे, झाला तोल. हे उत्तर मला पटत नाही. कबड्डीत चढाईचा प्रत्येक स्पर्शगुण बाहेर बसलेल्या आपल्या एका गड्याला आत आणतो आणि चुकलेली प्रत्येक पकड एका गड्याला बाहेर घालवते. म्हणजे कोपऱ्याचा बचावपटू मैदानावर आहे की बाकावर, हे पुष्कळदा त्याच्याच संघाचा चढाईपटू ठरवतो. आणि पाठीमागे सहा जण उभे असले तरच चढाईपटूला दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरीची वाट पाहणं परवडतं. दोन अंगं एकमेकांना वेळ आणि माणसं पुरवतात, तोल या देवघेवीत असतो.

गुजरातचा २०१७चा संघ आठवा. डाव्या-उजव्या कोपऱ्यांत इराणचे फजल अत्राचली आणि अबोझार मिघानी, मध्ये सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल. लीगमध्ये इतका शिस्तबद्ध बचाव त्याआधी क्वचितच दिसला होता. एकच पकड पाहा. चढाईपटू बोनस रेषेकडे सरकतो. बोनस घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. तो एका पायावर आला की कोपरा त्या घोट्यावर सूर मारतो. मात्र घोटा धरला म्हणजे पकड झाली नाही. ताकदीचा गडी घोट्यासकट ओढत मध्यरेषा गाठतो. म्हणून त्याच श्वासात शेजारच्या मध्यरक्षकाने परतीच्या वाटेवर धडक द्यायला हवी, आणि बाकीच्यांनी वर कोसळायला हवं. मध्यरक्षकाला अर्धा क्षण उशीर झाला तर बोनसचा एक आणि कोपऱ्याचा एक, असे दोन गुण प्रतिपक्षाला. फजल निघायच्या आधी सुनील-परवेशची पावलं वळलेली असत. हे पाठांतर होतं, रोजच्या सरावातून आलेलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असं हरवलं आणि १९९०पासून एकदाही न सुटलेलं पुरुषांचं सुवर्णपदक सुटलं. त्या इराणी संघातही फजल आणि अबोझार होतेच.

मग २८ ऑक्टोबर २०१७ला चेन्नईत काय झालं? समोर पाटणा पायरेट्स आणि प्रदीप नरवाल. त्या हंगामात प्रदीपने चढाईचे ३६९ गुण घेतले. बाद फेरीत हरियाणाविरुद्ध तर त्याने एकाच चढाईत सहाच्या सहा जण टिपले, लोणाचे दोन धरून आठ गुण. साखळीच्या हातांखालून डुबकी मारून निघणारा हा गडी रोखायचा तर चार-पाच जणांना एकदम वेळ साधावी लागते. अंतिम सामना पाटण्याने ५५-३८ असा जिंकला. पंचावन्न गुण म्हणजे त्या वर्षीचा सर्वांत देखणा बचावही पुन्हा पुन्हा फुटला.

दुसरा पराभव मला जास्त बोलका वाटतो. ५ जानेवारी २०१९, मुंबई. फजल तोवर यू मुंबाकडे गेलेला, पण सुनील-परवेश जागेवर आणि कोपऱ्यात महाराष्ट्राचा ऋतुराज कोरवी. मध्यंतराला गुजरात १६-९ असा पुढे. शेवट: बंगळूर बुल्स ३८, गुजरात ३३. पवन सेहरावतने एकट्याने चढाईचे बावीस गुण घेतले. पकडपटूंनी हातपाय गाळले, असं त्या रात्री म्हटलं गेलं. पण उत्तरार्धात पवन एकेकाला बाहेर काढत असताना त्यांना परत आणायचं काम गुजरातच्या चढाईपटूंचं होतं. सचिन तंवर लढला. त्याच्या जोडीला त्याच वेगाने गुण आणणारा दुसरा हात नव्हता. बाहेर गेलेला कोपरा परतला नाही की मध्यरक्षकाला कोपऱ्यात सरकावं लागतं, त्याच्या जागी तिसराच येतो, आणि वर्षभर घोटलेली जोडी मोडते. गुजरातचा बचाव त्याच्याच चढाईच्या दुबळेपणामुळे उघडा पडला, असं माझं ठाम मत आहे.

हा पेच एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांतून रविवारी जो फुटबॉल पाहिला जातो, तिथेही चेंडू घेऊन धावायचं की तो लांब फेकायचा, यावर अख्ख्या संघाची बांधणी ठरते. २०२४च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने धावून दोन हजारांवर यार्ड मिळवले. फेब्रुवारी २०२५च्या अंतिम सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला बांधून ठेवलं, आणि तरी ईगल्स ४०-२२ असे जिंकले, कारण धावणाऱ्याला अडवायला माणसं जमली की जेलन हर्ट्सला फेकायला जागा मिळत होती. त्या दिवशी धावेने यार्ड थोडे दिले, पण तिच्या धाकाने फेक सोपी केली. आपल्याकडे बोनसचा धाक हेच करतो. चढाईपटू बोनस घेईल या भीतीने कोपरा पुढे येतो आणि हाताच्या टप्प्यात सापडतो.

लीगचे नियम मात्र हा तोल वाकडा करतात. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. सहापेक्षा कमी गडी उरले की बोनस बंद. यातून एक नवीच चाल रूढ झाली आहे: तीन गड्यांवर आलेला संघ चढाईतून कुणाला परत आणायची घाई करत नाही, अव्वल पकडीची वाट पाहतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाही तर चढाईपटू बाद, हा नियम खेळ रेंगाळू नये म्हणून आला. प्रत्यक्षात अनेक संघ पहिल्या दोन चढाया निदान रेषेपर्यंत जाऊन परतण्यात संपवतात आणि बचावही अंगावर न जाता तिसरीसाठी ताकद राखून ठेवतो. तीस-तीस सेकंदांच्या कितीतरी चढाया अशा वाया जातात. मला हे खटकतं. ज्या खेळात दर श्वासाला धोका असायचा, त्यात धोक्याची वेळ आधीच ठरून गेली आहे.

लिलाव ही दुसरी अडचण. संघाची थैली पाच कोटींची. २०२३च्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक खर्च केले, म्हणजे निम्म्याहून जास्त. पवनने दोनशेवर गुण आणले. संघ बावीसपैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला. याच हंगामात गुजरातने फजलला १ कोटी ६० लाखांना परत आणलं आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरियाणा स्टीलर्सकडून २५-४२ असा मार खाल्ला.

त्या वर्षी जिंकली ती पुणेरी पलटण, आणि तोल म्हणतात तो इथे पाहावा. कर्णधार नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. यांतला एकही दोनशे गुणांच्या आसपास नव्हता. पण एक बाहेर बसला की दुसरा त्याला दोन-तीन चढायांत परत आणत होता. त्यामुळे मोहम्मदरझा शादलू, गौरव खत्री, अभिनेष नादराजन ही मंडळी आपापल्या जागी टिकून राहिली. साखळी फेरीत पलटण फक्त दोनदा हरली, आणि १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला तिने २८-२५ असं हरवलं. अस्लम स्वतः चढाई करतो आणि पकडीतही उतरतो. जुन्या मराठी संघांत असे अष्टपैलू गडी घडत, कारण तिथे कोवळ्या पोरालाही दोन्ही कामं करावी लागत. लीगने खेळाडूंची वाटणी लवकर करायला लावली आणि ही जात विरळ झाली.

गुजरातची गोष्ट मार्गदर्शक मनप्रीत सिंगशिवाय पुरी होत नाही. २०१७ आणि २०१९चे दोन्ही अंतिम सामने गुजरात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली हरला. पुढे ते हरियाणाकडे गेले आणि २०२४च्या मार्चमध्ये पलटणकडून तिसरा अंतिम सामना हरले. त्याच वर्षीच्या हंगामासाठी त्यांच्या संघाने शादलूला घेतलं, पण चढाई एका नावावर टांगली नाही. २९ डिसेंबरला पुण्यात समोर पाटणा होता, ज्याच्या देवांक दलालने त्या हंगामात तीनशेवर गुण घेतले होते. हरियाणाने देवांकला जखडलं, आणि दुसरीकडे महाराष्ट्राचा शिवम पटारे गुण आणत राहिला. ३२-२३. प्रदीपपुढे आणि पवनपुढे जे गुजरातला जमलं नव्हतं, ते याच मार्गदर्शकाने अखेर करून दाखवलं.

२०२५च्या लिलावात गुजरातने शादलूवर २ कोटी २३ लाख लावले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. लागोपाठ दोन हंगामांत दोन वेगळ्या संघांना विजेतेपद मिळालं तेव्हा हा गडी त्यांच्याकडे होता, म्हणून बोली समजण्यासारखी आहे. पण गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. शादलू पलटणमध्ये होता तेव्हा त्याला परत आणणारे तिघं-चौघं होते आणि त्याच्या सुरामागे धडक देणारे मध्यरक्षक पक्के होते. गुजरातने गडी घेतला, ती घडी घेतली नाही. पुढच्या लिलावात या संघाने मोठ्या नावाच्या मागे न जाता त्याच पैशांत दोन मधल्या फळीचे चढाईपटू आणि एकत्र खेळलेली मध्यरक्षकांची एक जोडी घ्यावी, आणि ती तीन हंगाम मोडू नये.